मधातली अँटिबायोटिक तपासणी: पट्टी, एलायझा आणि लॅब यांपैकी पैसे कशावर घालावेत

मध गोळा करणाऱ्या गटाला किंवा छोट्या पॅकिंग युनिटला औषधांच्या अवशेषांची तपासणी बाजारात तीन रूपांत मिळते: जागेवर बुडवायची पट्टी, एलायझा किट (अँटिबॉडीवर चालणारी, कप्प्यांच्या प्लेटवर करायची चाचणी) आणि लॅबमधली एलसी-एमएस/एमएस (औषध वेगळं करून नेमकं मोजणारी यंत्रपद्धत). विक्रेते ही तिन्ही एकमेकांना पर्याय असल्यासारखी विकतात. ती पर्याय नाहीत, कारण प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. ड्रम उतरवून घेताना टेट्रासायक्लिनची पट्टी घ्या. निर्यातीच्या किंवा मोठ्या ब्रँडला जाणाऱ्या मालासाठी लॅब टाळता येणार नाही. एलायझा मात्र ज्यांच्याकडे दर खेपेला तीस-चाळीस नमुने आणि एसी खोली दोन्ही आहे, त्यांनीच घ्यावी.

मधात औषध येतं कुठून, हे आधी पाहू. मेलिफेराच्या (पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीच्या) पेट्यांत पिलावा सडायला लागला की ऑक्सिटेट्रासायक्लिन साखरेच्या पाकातून दिलं जातं. टंचाईच्या काळात दिलेला पाक माश्या सगळाच खात नाहीत. उरलेला साठवतात, फुलोरा सुरू झाला की तो मधुकक्षात सरकतो आणि काढणीत मधाबरोबर बाहेर येतो. सातेरीच्या (देशी मधमाशीच्या) वसाहतींवर थाई सॅकब्रूड हा पिलाव्याचा रोग आला तरी काही जण कॅप्सूल फोडून पाकात टाकतात. तो विषाणूचा रोग आहे, अँटिबायोटिकने त्याचं काही बिघडत नाही, मध तेवढा बिघडतो. आग्याच्या जंगली मधात मधपाळाचं औषध येण्याचा प्रश्नच नाही. तिथे धोका असलाच तर डबा, ड्रम आणि हात यांचा.

भारतीय मधाची ही बाजू 2010 साली चव्हाट्यावर आली. त्या वर्षी युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबवली, आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने तपासलेल्या 12 ब्रँडपैकी 11 मध्ये अँटिबायोटिक सापडली. तेव्हापासून खरेदीदार भेसळीइतकंच अवशेषांबद्दल विचारतात. तरीही ‘एनएमआर झालंय, आता आणखी काय तपासायचं?’ हा प्रश्न अजून ऐकू येतो. एनएमआर ही लॅबमधली यंत्रचाचणी साखरेच्या पाकाची भेसळ आणि मधाचं मूळ शोधतं. किलोमागे काही मायक्रोग्रॅम औषध त्याला दिसत नाही. पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवून पाहणं या घरगुती चाचण्यांबद्दल तर बोलायलाच नको.

पट्टी

या वर्गात सर्वांत भरवशाची वाटते ती बेल्जियमच्या युनिसेन्सर कंपनीची टेट्रासेन्सर. तिच्यात अँटिबॉडीऐवजी टेट्रासायक्लिन ओळखणारं रिसेप्टर प्रथिन वापरलेलं आहे, म्हणून टेट्रासायक्लिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन, क्लोरटेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन ही चारही एकाच पट्टीवर पकडली जातात. पकड साधारण 10 पीपीबीच्या आसपास, म्हणजे किलोमागे 10 मायक्रोग्रॅम. उत्तर अर्ध्या तासात मिळतं आणि यंत्र लागत नाही. याच कंपनीची बी-फोर-सेन्सर नावाची पट्टी सल्फा, टायलोसिन, फ्लुरोक्विनोलोन आणि क्लोरअँफेनिकॉल असे चार गट एकत्र दाखवते. तिचा उपयोग आहे, पण क्लोरअँफेनिकॉलपुरता तिच्यावर विसंबून निर्यातीचा कंटेनर भरू नये. कारण पुढे येईल.

पट्टी वाचणं सोपं आहे, फक्त सवयीच्या उलट आहे. गरोदरपणाच्या पट्टीत रेघ उमटली की होकार, इथे चाचणीची रेघ गडद उमटली की नमुना स्वच्छ. मधातलं औषध रिसेप्टरला चिकटलं की रेघेपर्यंत पोचणारा रंग कमी होतो, म्हणून रेघ फिकी होते किंवा उमटतच नाही. तुलना नेहमी नियंत्रण रेघेशी करायची. चाचणीची रेघ नियंत्रणापेक्षा ठळकपणे गडद असेल तरच पास. बरोबरीची असेल तर पॉझिटिव्ह धरायचं. नियंत्रण रेघच नसेल तर पट्टी फेकून दुसरी घ्यायची, अंदाज बांधायचा नाही. गोदामात ट्यूबलाइट असते, बाहेर ऊन असतं, आणि दोन्हीकडे तीच पट्टी वेगळी दिसते. म्हणून वाचायची जागा एकच ठरवा. पट्टीचा फोटो काढून नमुन्याच्या क्रमांकासह ठेवा, कारण वाळल्यावर रेघांचा रंग बदलतो आणि संध्याकाळी वाचलेली पट्टी दुपारच्या पट्टीशी जुळत नाही.

चुका बहुतेक मध मोजताना होतात. रवाळ मध चमच्याने घेतला तर प्रमाण चुकतं, आणि न विरघळलेले कण पट्टीच्या तळाशी अडकून द्रव वर चढत नाही. आधी नमुन्याची बाटली 40 अंशांच्या पाण्यात ठेवून मध पूर्ण पातळ करावा, ढवळावा, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, मग मोजावा. त्याहून जास्त तापवू नका. टेट्रासायक्लिन उष्णतेने आणि उजेडाने हळूहळू मोडतं. जास्त तापवलेला नमुना पास होतो आणि ड्रम मात्र होता तसाच राहतो. दुसरी चूक फ्रिजमधून काढलेलं किट लगेच वापरण्याची. बफर, रिसेप्टर आणि पट्ट्या खोलीच्या तापमानाला यायला वेळ द्या, नाहीतर पाकीट उघडताच पट्टीवर दव धरतं. एकदा उघडलेली पट्ट्यांची नळी शोषक पुडीसकट घट्ट बंद ठेवावी. कोकणात जुलैमध्ये हे विसरलात तर आठवड्यात उरलेल्या पट्ट्या कामाच्या राहत नाहीत.

आणखी एक गोष्ट विक्रेता सांगत नाही, पण प्रत्येक नव्या लॉटला करायलाच हवी: खात्रीच्या स्वच्छ मधात मोजून औषध घालून पट्टी तपासणं. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या प्रमाणित पावडरीचं मिथेनॉलमध्ये 1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असं मूळ द्रावण करून उणे 20 अंशांवर अंधारात ठेवावं. त्यातून त्या दिवसापुरतं 1 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण करायचं. त्याचे 100 मायक्रोलिटर 10 ग्रॅम मधात मिसळले की 10 पीपीबी होतात. हा नमुना पॉझिटिव्ह आणि मूळ मध निगेटिव्ह आला तरच लॉट वापरायला घ्या. पावडर हाताळण्याची सोय नसेल तर जवळच्या औषधनिर्माण महाविद्यालयाकडून द्रावण करून घेता येतं. ते काम मधाच्या गोदामात करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पैसे वाचवण्यासाठी दहा ड्रमांचा मध एकत्र करून एकच पट्टी लावायची पद्धत सर्रास आहे. तिचं गणित असं. एका ड्रममध्ये 60 पीपीबी आणि उरलेल्या नऊमध्ये शून्य असेल तर मिश्रणात 6 पीपीबी येतात आणि पट्टी गप्प बसते. एकत्र करायचंच असेल तर तीनपेक्षा जास्त नको, तेही एकाच मधपाळाचे आणि एकाच फुलोऱ्याचे.

दुधाची अँटिबायोटिक किट स्वस्त पडतात म्हणून मधाला लावून पाहणारे भेटतात. जिवाणूंची वाढ थांबते की नाही यावर ज्या चाचण्या चालतात, त्यांत मध औषधाशिवायही ‘पॉझिटिव्ह’ येतो. साखरेचं प्रमाण, आम्लता आणि मधात तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड जिवाणूंना वाढूच देत नाहीत. दुधाच्या रिसेप्टर पट्ट्याही मधाच्या आम्लतेसाठी बनवलेल्या नाहीत. किटच्या कागदावर मध असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते किट मधाचं नाही.

एलायझा

जर्मनीच्या आर-बायोफार्मची रिडास्क्रीन मालिका आणि तिच्यासारखी इतर कंपन्यांची किट क्लोरअँफेनिकॉल, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि नायट्रोफ्युरानच्या चयापचयी पदार्थांसाठी मिळतात. कागदावर त्यांची पकड पट्टीपेक्षा फार बारीक असते. प्रत्यक्षात ती पकड हातावर अवलंबून असते.

क्लोरअँफेनिकॉलचं उदाहरण घ्या. साधारण रीत अशी: दोनेक ग्रॅम मध पाण्यात विरघळवायचा, इथाइल असिटेट घालून दहा मिनिटं हलवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचा थर काढून नायट्रोजनच्या झोतात सुकवायचा, बफरमध्ये उचलायचं आणि मग प्लेटवर घालायचं. इथाइल असिटेटचा वासही उरला तरी अँटिबॉडी बिघडते. त्याच्याबरोबर पाण्याचा थर जरासा ओढला गेला तर साखर येते, सुकल्यावर तळाशी चिकट कवडी उरते आणि ती बफरमध्ये नीट उतरत नाही. आकडे इकडेतिकडे होतात ते इथे. दोष मात्र किटला दिला जातो.

प्लेटवरचा हिशोबही पाहावा. 96 कप्प्यांपैकी सहा प्रमाणित द्रावणं दुहेरी घातली की 12 कप्पे गेले. स्वच्छ मध आणि औषध घातलेला मध, तेही दुहेरी, म्हणजे आणखी 4. उरले 80, म्हणजे 40 नमुने. नमुने पाचच असतील तर वापरलेल्या 26 कप्प्यांतले 16 तुलनेसाठीच खर्च होतात. दर नमुन्याचा भाव विक्रेता 40 नमुने धरून सांगतो. पाच नमुन्यांना तो लागू होत नाही.

तापमान हा दुसरा खर्च. ही किट 20 ते 25 अंशांसाठी बेतलेली असतात. एप्रिलमध्ये जळगाव-सोलापूरकडे बिनएसीच्या खोलीत प्लेट ठेवली तर प्रक्रिया वेगाने धावते, कडेचे कप्पे मधल्यांपेक्षा आधी तापतात आणि एकाच नमुन्याच्या दोन कप्प्यांत ताळमेळ राहत नाही. किट 2 ते 8 अंशांत यायला हवं. कुरिअरच्या खोक्यातले बर्फाचे पॅक पूर्ण कोमट झालेले असतील तर ते उघडण्याआधी विक्रेत्याला कळवा. उघडल्यावर कोणी बदलून देत नाही. जंगली, गडद मधात नैसर्गिक फिनॉलिक पदार्थ जास्त असतात. अशा मधात, विशेषतः स्ट्रेप्टोमायसिनच्या किटवर, खोटा पॉझिटिव्ह येण्याची शक्यता धरूनच चाला. म्हणून एलायझाचा पॉझिटिव्ह हा निकाल मानू नये. तो लॅबकडे पाठवायचा इशारा आहे.

मोठ्या निर्यातदारांकडे चार्म-टू ही किरणोत्सर्गी खुणेवर चालणारी पद्धत किंवा रँडॉक्सची बायोचिप दिसते. बायोचिपवर अनेक औषधगट एका वेळी पाहता येतात. दोन्हींसाठी यंत्रात मोठी गुंतवणूक लागते, त्यामुळे छोट्या युनिटने त्यांचा विचार सोडावा. चार्म-टूच्या सल्फा चाचणीबद्दल एक सूचना: काही मधांत पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल नैसर्गिकरीत्या असतं, आणि ते सल्फा असल्याचा भास निर्माण करतं.

लॅब

शेवटचा शब्द एलसी-एमएस/एमएसचाच. पण ‘अँटिबायोटिक पॅनेल’ असं लिहून पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्या. चांगली लॅब या प्रश्नांना कंटाळत नाही.

पहिली, मान्यता. लॅबकडे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतीय संस्था) ची मान्यता आहे एवढं पुरत नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या लॅबचा स्कोप, म्हणजे मान्य चाचण्यांची यादी, उघडून पाहा. त्यात मध हा पदार्थ आणि तुम्हाला हवं ते औषध दोन्ही एकाच ओळीत हवेत. मांसासाठी मान्य पद्धत मधाला आपोआप लागू होत नाही.

दुसरी, मर्यादा. युरोपसाठी क्लोरअँफेनिकॉलचा कारवाईचा आकडा 28 नोव्हेंबर 2022 पासून 0.3 वरून 0.15 पीपीबीवर आणि नायट्रोफ्युरान चयापचयी पदार्थांचा 1 वरून 0.5 वर आला. रिपोर्टवर नुसतं ‘एनडी’ (सापडलं नाही) असेल आणि लॅबची मोजण्याची खालची मर्यादा 0.3 असेल, तर तो कागद युरोपच्या खरेदीदारासाठी निरुपयोगी आहे. चार-चार गट एकत्र दाखवणाऱ्या पट्टीला या पदार्थासाठी पुरेसं न मानण्याचं कारणही हेच. बाकीच्या बहुतेक अँटिबायोटिकना युरोपात मधासाठी मान्य मर्यादाच नाही, आणि खरेदीदार साधारण 5 ते 10 पीपीबीच्या पट्ट्यात बोलतात. प्रत्येक औषधापुढे मर्यादेचा आकडा नसलेला रिपोर्ट परत पाठवा.

0.15 पीपीबी म्हणजे किती? 300 किलोच्या ड्रममध्ये 45 मायक्रोग्रॅम. डोळ्यांच्या 1 टक्का क्लोरअँफेनिकॉल मलमाच्या 1 ग्रॅममध्ये 10 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे दोनशेहून जास्त ड्रम नापास करायला पुरेल इतकं. मध गाळणाऱ्या, भरणाऱ्या आणि नमुना काढणाऱ्या माणसांपैकी कोणी हे मलम वापरत असेल तर त्या दिवशी त्याला दुसरं काम द्या. मधपाळाने पेटीत काहीही घातलं नसताना आलेल्या क्लोरअँफेनिकॉलच्या निकालात हा रस्ता आधी तपासण्यासारखा आहे. अन्न देणाऱ्या प्राण्यांसाठी क्लोरअँफेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानवर भारताने 2025 मध्ये पूर्ण बंदी घातली, पण माणसांची मलमं दुकानात आहेतच.

तिसरी, पद्धत. सल्फा औषधं मधातल्या साखरेला बांधली जातात. आम्लात तापवून ती सुटी केली नाहीत तर यंत्राला अर्धवटच दिसतात, म्हणून ‘सल्फासाठी आम्ल हायड्रॉलिसिस करता का?’ असं थेट विचारा. नायट्रोफ्युरानसाठी नमुना आम्लात नायट्रोबेंझाल्डिहाइडबरोबर सहसा रात्रभर, 37 अंशांवर ठेवतात. सकाळी नमुना घेऊन संध्याकाळी नायट्रोफ्युरानचा रिपोर्ट देऊ म्हणणाऱ्या लॅबला पद्धत लिहून मागा. स्ट्रेप्टोमायसिन पाण्यात इतकं विरघळतं की नेहमीच्या कॉलमवर थांबतच नाही. त्याला वेगळा कॉलम आणि बहुधा वेगळी फेरी लागते, त्यामुळे ते पॅनेलमध्ये गृहीत धरू नका, नाव वाचून खात्री करा. टेट्रासायक्लिन काढताना बफरमध्ये ईडीटीए हवं, नाहीतर ते मधातल्या धातूंना चिकटून राहतं.

निकाल वाचतानाही थोडी अक्कल लागते. नायट्रोफ्युरान गटातलं सेमिकार्बाझाइड एकटंच सापडलं तर लगेच मधपाळावर ठपका ठेवू नये. हाच पदार्थ बरणीच्या झाकणातल्या फुगीर प्लास्टिक गॅस्केटमधूनही येऊ शकतो. ते गॅस्केट करायला वापरलं जाणारं अझोडायकार्बोनामाइड युरोपने अन्नाच्या संपर्कातल्या वस्तूंसाठी 2005 मध्ये बंद केलं ते याच कारणाने. त्यामुळे नमुना नेहमी साध्या, गॅस्केट नसलेल्या झाकणाच्या बाटलीत पाठवा.

स्ट्रेप्टोमायसिनचंही तसंच. डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंचा रोग आला की फवारलं जाणारं स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. परागीभवनासाठी बागेत पेट्या लावलेल्या असताना फुलोऱ्यात फवारणी झाली तर ते मधात उतरू शकतं. जर्मनीत सफरचंदाच्या बागांत फायर ब्लाइट या जिवाणूंच्या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन फवारल्यावर मधात अवशेष आल्याचं सर्वांना माहीत आहे. टेट्रासायक्लिनची पट्टी इथे दगा देते, कारण तिला दिसतो तो दहावा भागच. सोलापूर-नाशिकच्या डाळिंब पट्ट्यातला मध घेत असाल तर पट्टी पास झाली तरी लॅबमध्ये स्ट्रेप्टोमायसिन स्वतंत्र मागा. बागायतदाराशी पेट्यांचा करार करताना फुलोऱ्यात फवारणी नाही, हे लेखी घ्या.

माइटवरच्या (माश्यांवर जगणाऱ्या बारीक परजीवी किड्यांवरच्या) औषधांची तपासणी बरेच जण विसरतात. युरोपात मधासाठी अमिट्राझची मर्यादा 200 आणि कौमाफॉसची 100 पीपीबी आहे. अमिट्राझ मधात पटकन मोडतं, म्हणून मर्यादा मूळ औषध आणि त्याचे डायमिथाइलअनिलीन गटाचे तुकडे यांची बेरीज धरून ठरवली आहे. फक्त ‘अमिट्राझ: एनडी’ लिहिलेला रिपोर्ट त्या मर्यादेबद्दल काहीच सांगत नाही. कौमाफॉस आणि फ्लुव्हॅलिनेट मेणात मुरतात. मधात काही नसलं तरी जुन्या पोळ्यांचं मेण वितळवून केलेले पत्रे पुन्हा पेटीत जात असतील, तर एकदा मेणाचाही नमुना पाठवून पाहा.

लॅब निवडताना अंतराचा फार बाऊ करू नये. मध नाशवंत नाही, नमुना कुरिअरने जातो. गुजरातेत आणंदला एनडीडीबीच्या (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या) आवारात 2020 पासून मधासाठी खास प्रयोगशाळा आहे, आणि मुंबई-पुण्यात खासगी लॅब आहेत. दर मागताना ‘पूर्ण पॅनेल’ असं म्हणू नका, औषधांची यादी लिहून द्या. नाहीतर प्रत्येक लॅबचा भाव वेगळ्या यादीचा असतो आणि तुलना करताच येत नाही.

नमुना काढताना ड्रम आधी ढवळा. रवा खाली बसलेला असतो आणि वर पातळ थर असतो, त्यामुळे वरचा मध उचलला तर तो ड्रमचा नमुना होत नाही. स्टीलच्या नळीने वर, मध्ये आणि तळाशी असे तीन ठिकाणांहून मिळून किमान 300 ग्रॅम मध काढा, एकत्र ढवळा आणि तीन बाटल्यांत भरा: एक लॅबला, एक मधपाळाला, एक तुमच्याकडे. प्रत्येकीवर ड्रम क्रमांक, तारीख, फुलोरा आणि दोघांच्या सह्यांचा कागदी पट्टा झाकणावरून चिकटवा. दोन ड्रमांच्या मध्ये नळी गरम पाण्याने धुऊन वाळवा. 80 पीपीबीच्या ड्रममधून आलेली, मध माखलेली नळी पुढच्या ड्रमच्या नमुन्यात तेच औषध नेऊन सोडते, आणि मग भांडण त्या मधपाळाशी होतं ज्याचा काही दोष नाही.